हस्तकला प्रदर्शनाचा अर्ज: माझा अनुभव

प्रदर्शनात माल खपवण्यापेक्षा आत शिरणं अवघड. अर्जातली एक अट अजूनही माझ्या डोक्यात जाते: ‘मांडलेल्या स्टॉलचा फोटो जोडा.’ पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने तो आणायचा कुठून? आयोजकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘माहितीपत्रक वाचा.’ माहितीपत्रकात एकच शब्द असतो: ‘आवश्यक’.

तर स्टॉल घरीच उभा करा. अंगण, गच्ची, गाडी लावायची जागा, काहीही चालतं. जमिनीवर चिकटपट्टीने १० बाय १० फुटांचा चौकोन आखा. बऱ्याच ठिकाणी हेच माप असतं, अर्जात वेगळं असेल तर ते घ्या. तीन बाजूंना एकाच फिक्या रंगाचे साधे पडदे लावा. टेबलावरचं कापड जमिनीला टेकलं पाहिजे, म्हणजे खालची खोकी झाकली जातात. छत पांढरंच हवं. निळ्या छताखाली सगळा माल निळसर दिसतो आणि ती झाक नंतर नीट निघत नाही. भर उन्हात फोटो काढलात तर पुढचा भाग पांढराफटक आणि मागचा काळाकुट्ट येतो, त्यामुळे ढगाळ दिवस गाठा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, किंचित कोपऱ्यातून, तिन्ही बाजू दिसतील असा धरा.

फोटोत माणूस नको आणि नावाची पाटी तर नकोच. बऱ्याच ठिकाणी निवड नाव झाकून होते, पाटी दिसली की अर्ज बाद होऊ शकतो. वर कारणही कळवतीलच असं नाही!

स्टॉलच्या फोटोतला माल वस्तूंच्या फोटोंशी जुळला पाहिजे. परीक्षक सगळे फोटो एका ओळीत, काही सेकंदच बघतात. वस्तूंच्या फोटोंत मातीची भांडी आणि स्टॉलवर निम्मे कानातले, म्हणजे हा माणूस नक्की करतो काय, असं त्यांना वाटणारच. एकाच जातीच्या वस्तू आणि सगळीकडे एकच साधी पार्श्वभूमी ठेवा. फाइल जेपीईजी, रंगांची सेटिंग एसआरजीबी. नाहीतर त्यांच्या पडद्यावर रंग फिके दिसण्याचा धोका असतो. दागिन्यांचे अर्ज ढिगाने येतात आणि त्यांच्या जागा ठरावीक, त्यामुळे दागिनेवाल्यांनी इथे जास्तच घाम गाळावा.

वर्णनाच्या चौकटीत अक्षरांची मर्यादा असते आणि शब्दांमधल्या रिकाम्या जागाही त्यात मोजल्या जातात. ‘प्रेमाने बनवलेलं’ खोडा आणि कृती लिहा: ‘चाकावर घडवलेली, दोनदा भाजलेली भांडी’. प्रकारही नीट निवडा. अर्जात न लिहिलेला माल ऐनवेळी उचलायला लावतात.

प्रतीक्षा यादीत नाव लागलं तर ‘मी कितवा?’ विचारण्यात अर्थ नाही, यादी बहुधा प्रकारानुसार हलते. भांडीवाल्याने माघार घेतली तर भांडीवाल्यालाच बोलावतात, तेही अगदी शेवटच्या क्षणी. माल भरून ठेवा.

पुढचं सगळं त्यामानाने सोपं. प्रत्येक वस्तूवर किंमत हवी, कारण किंमत न दिसली तर पुष्कळ लोक विचारण्याऐवजी पुढे सरकतात. किंमत ठरवताना साहित्य आणि मजुरीत स्टॉलच्या भाड्याचा वाटा धरा. सगळा माल सपाट टेबलावर न पसरता काही वस्तू डोळ्यांच्या उंचीपर्यंत चढवा. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

हो, एक राहिलंच: मैदानात तंबू असेल तर प्रत्येक पायाला साधारण २० किलो वजन बांधा. २० लिटर पाण्याचा भरलेला कॅन पुरतो. तो पायाला घट्ट आवळा. लोंबकळता ठेवलात तर वाऱ्यात झोके घेऊन आपलाच माल फोडतो. आणि वेळ संपायच्या आधी आवराआवर नको. सकाळी नुसतं बघून गेलेली गिऱ्हाइकं पुष्कळदा शेवटच्या तासात परत येतात, आणि लवकर गाशा गुंडाळणाऱ्याला काही आयोजक पुढच्या वेळी घेत नाहीत.