नानांनी दुसरी बाजू ऐकली नाही

कालपासून एक गोष्ट मनात घोळते आहे आणि ती इतकी क्षुल्लक आहे की कोणापाशी बोलायचीही सोय नाही. नाना काल संध्याकाळी आले होते. प्रीअँपचे (रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचे) काम पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा तो त्यांनी ऐकावा, अशी माझी इच्छा होती आणि तसे मी त्यांना फोनवर सांगितलेही होते. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या रेकॉर्डची पहिली बाजू त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, पण मी तबकडी उलटण्यासाठी उठलो तेव्हा म्हणाले, "राहू दे रे, निघतो आता." सुलभाने केलेला चहा त्यांनी अर्धाच घेतला. पाऊस असो, दिवे जाऊन आलेले असोत किंवा जेवणाची पाने वाढलेली असोत, दुसरी बाजू झाल्याखेरीज नाना उठल्याचे मला आठवत नाही.

यात एवढे लावून घेण्यासारखे काय आहे, असे मी दिवसभर स्वतःला विचारतो आहे. नाना ऐंशीच्या घरात आहेत, आभाळ भरून आले होते, आणि डेक्कनवरून त्यांच्या बाजूला जाणारी बस संध्याकाळी उशिरा कशी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. यांपैकी कोणतेही कारण पुरेसे होते. मात्र त्यांनी एकही कारण दिले नाही. समोरच्याचे काम आवडले नाही तर ते तोंडावर सांगण्याची ज्यांना कधी भीड वाटली नाही, त्यांनी काल माझी भीड बाळगली, आणि मला टोचते आहे ते नेमके हेच. शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री नीट झोपलो असतो.

पावसाळा लागल्यापासूनच्या माझ्या बहुतेक संध्याकाळी या पेटीत गेल्या आहेत. मूळ प्रीअँप नानांच्या हातचा आहे. व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ लोक भंगारात देत होते त्या काळात त्यांनी तो पुण्याच्या तापकीर गल्लीतून एकेक वस्तू हेरून उभा केला आणि माझ्या लग्नात मला दिला. त्यातील कार्बनचे रेझिस्टर (विजेला अडवणारे भाग) इतक्या वर्षांत आपली किंमत सोडून वर सरकले होते. शंभर किलोओहमचा रेझिस्टर मीटरवर सव्वाशेच्या आसपास दिसत होता आणि शांत जागी त्याची स्वतःची सळसळ ऐकू येत होती. ते सर्व काढून मी मेटल फिल्मचे बसवले. पॉवर सप्लायमधील फुगलेले कपॅसिटर बदलले. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला पूर्वी ट्रान्सफॉर्मरमधून थेट ६.३ व्होल्टचा एसी जात असे आणि त्यापायी ५० हर्ट्‌झचा एक बारीक हम (सेकंदाला ५० कंपनांची गुणगुण) कायम मुक्कामाला होता. तेथे आता रेग्युलेटर लावलेला डीसी आहे. हम इतका गेला आहे की यंत्र चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी मला व्हॉल्व्हमधील लाल धगीकडे पाहावे लागते.

व्हॉल्व्हही बदलले. जुने ईसीसी ८३ जातीचे व्हॉल्व्ह भारत इलेक्ट्रॉनिक्सचे होते. बंगळुरूच्या त्या कारखान्याने १९६१ मध्ये फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह करायला घेतले आणि नानांच्या पिढीचा हात त्यांच्यावरच बसला. डाव्या बाजूच्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की स्पीकरमधून घंटेसारखा नाद उमटत असे, म्हणून तो काढणे भाग होते. उजवा मात्र अजून ठणठणीत आहे. त्याच्या माथ्यावरचा चंदेरी मुलामा लख्ख आहे (आत हवा शिरली असती तर तो पांढरा पडला असता) आणि काचेवरची अक्षरे बोटांच्या वापराने अर्धी पुसली आहेत. दोन्ही व्हॉल्व्ह मी कापसात गुंडाळून डब्यात ठेवले आहेत. त्यांच्या जागी आता स्लोव्हाकियात बनलेली नवी जोडी आहे.

एवढे सगळे केल्यावर घरातून काय ऐकायला मिळाले? सुलभा म्हणाली, "आधी काय वाईट होतं?" चिन्मयने फोनवर, त्याला वाटले तसे मायेनेच, सुचवले की या पैशांत मोबाइलवरून चालणारा एक चांगला स्पीकर आला असता. माधव असता तर त्याने रात्री दहा वाजताही येऊन दोन्ही बाजू ऐकल्या असत्या. पण ते आज लिहायला नको. भिंग डोळ्याला लावून, मान अवघडेपर्यंत डाख देत बसलेल्या माणसाला कोणीतरी एकदा बरे म्हणावे, इतकी ही साधी अपेक्षा आहे, आणि ती ज्याच्याकडून होती तो माणूस चहा अर्धा टाकून गेला.

आज जेवणानंतर मी तीच रेकॉर्ड पुन्हा लावली आणि नाना बसले होते त्या खुर्चीवर बसलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी काल पाहत असूनही मला दिसली नव्हती. नाना गाणे डोळे मिटून ऐकतात. काल त्यांचे डोळे सबंध वेळ उघडे होते आणि ते डाव्या स्पीकरकडे पाहत होते. स्पीकरची जाळी मी तोल तपासण्यासाठी काढून ठेवली होती. मला वाटले की आवाज कोठून कसा येतो आहे हे ते निरखत आहेत, आणि मनातल्या मनात मी सुखावलोही होतो.

त्यांनी पाहिले ते मीही आज पाहिले. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, कागदी पडदा संथपणे आत-बाहेर होत होता. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, कारण मन्सूर श्वास घेण्यासाठी थांबले तरी तो हलतच होता. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा तो झोल खाई. ही रेकॉर्ड कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्याची आहे, कडेला किंचित वाकलेली आहे, आणि सुई त्या उंचवट्यावर चढते-उतरते तेव्हा एक असा स्वर तयार होतो की जो कानाला ऐकू येत नाही पण अँप्लिफायरला मात्र येतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम लहान करून कोरलेले असतात, नाही तर शेजारशेजारच्या खाचा एकमेकींत घुसल्या असत्या. मग वाजवताना प्रीअँपला ते पुन्हा मोठे करावे लागतात. २० हर्ट्‌झचा स्वर १००० हर्ट्‌झच्या तुलनेत सुमारे नऊपट मोठा होतो. म्हणजे वाकलेल्या कडेचा हा कचराही त्याच मापाने फुगून बाहेर येतो.

पूर्वी हा पडदा असा हलत नसे. का हलत नसे, हे कळायला मला कपाटातील डबा उघडून जुना कपॅसिटर हातात घ्यावा लागला. नाना त्याला अजून कंडेन्सर म्हणतात. प्रीअँपच्या अगदी शेवटी, पॉवर अँपकडे (स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरकडे) जाणाऱ्या वाटेवर तो बसतो. व्हॉल्व्हच्या बाजूचे शंभरेक व्होल्ट अडवायचे आणि गाणे तेवढे पुढे सोडायचे, हे त्याचे काम. नानांनी तेथे ०.२२ मायक्रोफॅरॅडचा लावला होता. माझ्या ट्रान्झिस्टरच्या पॉवर अँपचा इनपुट २२ किलोओहम आहे, आणि या दोन आकड्यांवरून हिशोब मांडला की सुमारे ३३ हर्ट्‌झच्या खाली आवाज उतरणीला लागतो. मला ते कद्रूपणाचे वाटले. त्या काळी मोठा कपॅसिटर महाग असणार किंवा मिळाला नसणार, असे धरून मी तेथे दसपट मोठा, २.२ चा बसवला आणि उतरण ३.३ हर्ट्‌झपर्यंत खाली नेली. कागदावर हे फार देखणे दिसते.

आता बसून हिशोब केला. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्‌झवर येते. नानांच्या कपॅसिटरमधून ती सुमारे दहा टक्के लहान होऊन जात होती आणि माझ्यातून जवळपास पूर्ण जाते; एवढी माझी कमाई. उलट ५ हर्ट्‌झचा जो झोल त्यांच्या कपॅसिटरमधून जेमतेम सातव्या हिश्शाने बाहेर पडत होता, तो माझ्यातून पाच-सहा पट होऊन बाहेर येतो. तो एकटा ऐकू येत नाही हे खरे, परंतु ज्या पडद्यावर तानपुरा वाजतो आहे तोच पडदा खालून कोणी हलवत असेल, तर तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळून उभ्या राहत नाहीत. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, ज्याला गाणारे स्वयंभू म्हणतात, तो मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा असतो आणि जात्याच बारीक असतो. काल नानांना तो दिसेना म्हणून ते डोळे उघडून बसले असतील का?

नानांची ही युक्ती एकट्याची नव्हती, हेही आता आठवते आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९७६ मध्ये रेकॉर्ड वाजवण्याच्या मानकात नेमकी हीच दुरुस्ती सुचवली होती, की २० हर्ट्‌झच्या आसपासपासून खालचा भाग उतरता करावा. अनेक यंत्र करणाऱ्यांनी ती मानली नाही, कारण खर्ज कापला जातो अशी त्यांची तक्रार होती. मीही त्याच पंथाचा. प्रीअँप जुळवताना नानांनी त्या मानकाचा कागद वाचला होता की केवळ दमदमच्या तबकड्या आणि वूफरचा पडदा पाहून ठरवले होते, हे मला ठाऊक नाही, आणि दुसरी शक्यता मला अधिक जवळची वाटते.

इथवर लिहून झाल्यावर माझा राग बराचसा उतरला आहे आणि त्याचे थोडे हसूही येते आहे. साठीला आलेला मी काल संध्याकाळी शाळेतल्या मुलाने गृहपाठाची वही पुढे करावी तसा त्यांच्यासमोर बसलो होतो. हम गेला, सळसळ गेली, मन्सूरांचा आवाज पुढे येऊन उभा राहिला, यात मी तसूभरही मागे हटणार नाही; ते काम चोख झाले आहे आणि नाना नाही म्हणाले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी मला भांडू दिले नाही, एवढेच. "पडदा बघ" असे दोन शब्द बोलून ते मोकळे होऊ शकले असते. बहुधा त्यांना वाटले असेल की ज्याने एवढे रेझिस्टर उपटले त्याला पडदाही दिसेल, आणि मग माझ्या घरात, सुलभासमोर, ते कशाला बोलायचे. असे असेल तर ते माझ्याविषयी जरा जास्तच चांगले मत बाळगून आहेत.

दुसरी बाजू मात्र ऐकायला हवी होती, यावर मी अजून ठाम आहे. पडदा हलला तरी गाणे काही पळून जात नाही.

हे सगळे मी आता सुलभाला वाचून दाखवणार होतो, पण तिने मधेच विचारले की नानांचा गुडघा आता कसा आहे, फोन केलात का. कोणता गुडघा, असे मी म्हणालो. तर काल जिन्यात त्यांनी तिच्याकडे तेल मागितले होते, उजवा गुडघा बसल्याबसल्या धरला होता, आणि मी आत तबकडी पुसत होतो तेव्हा तिने त्यांना रिक्षा करून दिली होती. मला वाटले की तुम्हाला माहीत असेल, असे ती म्हणाली. मग आपण एवढा वेळ ३३ हर्ट्‌झचा आणि १९७६ चा काथ्याकूट कशासाठी केला, हे मी तिला सांगितले नाही.

तथापि गुडघा खरा असला तरी पडदा हलतो तो हलतोच. ०.२२ परत लावण्याचा माझा विचार नाही, ०.४७ लावला तर उतरण १५ हर्ट्‌झवर येते, खर्जाची तार जवळपास शाबूत राहते आणि झोल तिसऱ्या हिश्शावर येतो. पॉलिप्रॉपिलिनची, किमान ४०० व्होल्टची जोडी हवी. तापकीर गल्लीत मिळाली तर ठीक, नाही तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाणाऱ्या कोणाला तरी सांगावे लागेल. जागेची अडचण येणार नाही, कारण २.२ साठी मी पेटीत केलेली जागा तिला ढगळच होईल. नानांना उद्या फोन करायचा आहे, तो गुडघ्यासाठी. कंडेन्सरचा विषय त्यांनी काढला तर काढोत.