करड्या रंगातला स्पॉक

रविवारी जेवताना अण्णा जे बोलले त्यात खरं तर मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. टेबलावरचं पुस्तक उचललं, मागचं-पुढचं पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "सिरियलवरनं काढलेलं ना हे? मग ते पुस्तक कसलं, जाहिरात ती." आणि कढी मागितली. मी वाढली. आठवडा संपत आला तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

जाहिरात कशाची करणार? 'स्टार ट्रेक', म्हणजे एंटरप्राइझ नावाच्या अंतराळयानावरच्या माणसांची ती अमेरिकन टीव्ही मालिका, १९६९ मध्ये बंद पडली. ७९ भाग झाले आणि गाशा गुंडाळला. टेबलावरची ती कादंबरी, जेम्स ब्लिशची 'स्पॉक मस्ट डाय!', आली १९७० मध्ये, म्हणजे नवे भाग निघणं थांबल्यावर. त्याआधी तो पटकथा समोर ठेवून एकेका भागाची कथा करत होता. ही कादंबरी मात्र त्याने स्वतः रचली. मोठ्यांसाठी लिहिलेली पहिलीच स्वतंत्र स्टार ट्रेक कादंबरी. ज्यांची रोजच्या ओळखीची माणसं एकदम दिसेनाशी झाली होती, त्यांच्यासाठी कुणीतरी बसून लिहिलेली. इथे बडोद्यात रावपुऱ्यातल्या पस्तीवाल्याकडे परीक्षेच्या गाइडांच्या गठ्ठ्याखाली ती मला मिळाली, पाठीला चिकटपट्टी लावलेली, कोपरे झडलेले. हे सगळं अण्णांना सांगता आलं असतं. पण आमच्याकडे नाट्यसंगीत ही आवड असते आणि माझं ते खूळ. दादा असता तर त्याने... जाऊ दे.

खरं टोचतंय ते वेगळंच. अण्णांचं चुकलं असेल, पण त्यांच्या बोलण्यातला एक काटा माझ्याच हाताला लागतोय. पुस्तकात छापलेलं असतं एवढंच, की स्पॉकने भुवई उंचावली. मला दिसतो मालिकेत त्याचं काम करणारा अख्खा लिओनार्ड निमॉय. यानावरचा डॉक्टर मॅकॉय कुरकुरायला लागला की त्याचं काम करणाऱ्या डीफॉरेस्ट केलीचा आवाज आधी येतो, शब्द मागून. मग मी वाचत काय होते? मला जो आनंद झाला (झालाच, एकेक प्रकरण पुरवून पुरवून वाचलं) तो ब्लिशने दिला की रविवार सकाळच्या दूरदर्शनने?

त्यातून आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. कॅप्टन कर्कचा शर्ट पिवळसर, स्पॉकचा निळा, इंजिनिअर स्कॉटीचा लाल, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि कळूनही उपयोग झाला नाही. आतासुद्धा वाचताना सगळे करड्या शर्टातच वावरत होते, अँटेना हलल्यावर यायच्या त्या मुंग्यांसकट. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेची जमीन आहे ना, वरच्या मजल्यावर चालणाऱ्यांचे पाय खालून अंधुक दिसतात. दादा तिथे कुजबुजायचा, "आता आपण एंटरप्राइझवर." माझ्या डोळ्यांपुढचं यान अजून तसंच आहे.

पण मग कादंबरीची ती सुरुवात? तिथे माझी आठवण काहीच पुरवत नाही. मालिकेत ट्रान्सपोर्टर आला तो खर्च वाचवायला. दर भागात यान ग्रहावर उतरवून दाखवणं जीन रॉडनबेरीला परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं इथून चमचमत नाहीशी व्हायची आणि तिथे उभी राहायची. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ब्लिशला वाटलं. कादंबरी उघडते तीच मॅकॉय आणि स्कॉटीच्या वादाने. मॅकॉयचं म्हणणं, इथे मी विस्कटलो, तिथे जुळलो. तर तिथे उभा आहे तो मी, की मला मारून केलेली माझी नक्कल? त्याला माझं सगळं आठवतंय, तो मीच आहे अशी त्याची पक्की खात्री आहे, मग दुसऱ्या कुणी ओळखायचं तरी कसं? स्कॉटी शास्त्र सांगतो. मॅकॉयचं समाधान होत नाही. माझंही झालं नाही, भाजी चिरताना मध्येच हात थांबायचा.

पुढे एकाचे दोन स्पॉक होतात. त्यातला एक आरशातला, अगदी रेणूपर्यंत उलटा. तो प्रयोगशाळेत स्वतःला कोंडून घेतो, कारण यानावरचं अन्न त्याच्या अंगी लागणारच नाही. त्याला लागणारी उलटी अमिनो आम्लं त्यालाच बनवावी लागतात.

सोमवारी पुस्तक सायलीला देऊन टाकलं. एम. एस. युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री करते, आणि मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. तिला दाखवायचं राहूनच गेलं. आज संध्याकाळी आली ती दारातूनच बोलत. "आत्या, हे कसलं भारी आहे! पाश्चरने १८४८ मध्ये भिंगाखाली चिमट्याने डावे-उजवे स्फटिक निवडून वेगळे केले, ते आम्ही नुसतं पाठ करतो. आणि आपल्या प्रथिनांत सगळी डावीच अमिनो आम्लं, हे माहीत असून मला त्या उलट्या माणसाच्या जेवणाचा प्रश्न कधी पडला नाही." मला इतकं बरं वाटलं. मग विचारलं, आणि मॅकॉय? "तो डॉक्टर? ठीक आहे. जरा किरकिरा आहे."

ठीक आहे! अण्णांच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं. चहा होईस्तोवर मी गप्पच होते.

पण आता लिहिताना वाटतंय, बरं झालं विचारलं. तो प्रश्न आणि तो आरसा ब्लिशचा, माझ्याशिवायही उभा राहणारा. मॅकॉय मात्र मी घरून नेलेला. त्यात कमीपणा काय आहे? कीर्तनकार तरी नारद कसा दिसतो ते कुठे सांगत बसतो, ऐकणारे आपापला नारद घेऊनच बसलेले असतात. ब्लिशने माझ्यासारख्यांवर तेवढा भरवसा टाकला, आणि मी तो राखला. करड्या शर्टांसकट. अण्णांना पटेल असं नाही, आणि पटवायला मी जाणारही नाही.

सायलीला आता मालिका बघायचीये. 'एरन्ड ऑफ मर्सी'पासून सुरुवात करू म्हटलं, १९६७ चा भाग. पुस्तकातले ऑर्गानियावासी, म्हणजे ऑर्गानिया ग्रहावरचे लोक, त्यातच पहिल्यांदा भेटतात, आणि कर्कच्या लोकांचे शत्रू क्लिंगॉनही. शनिवारी येते आहे. पुस्तक तिच्याकडेच राहू दिलंय. भाग बघून झाले की पहिलं प्रकरण पुन्हा वाच, मग आपण मॅकॉयबद्दल बोलू, असं तिला सांगितलंय.