मेणाच्या दिवशी घाई नको : माझ्या कवळीचा अनुभव

दुपारचे पावणेदोन वाजलेले. समोर स्टीलच्या वाटीत गार पाण्यात माझी मेणाची कवळी बुडालेली, आणि डेंटल कॉलेजातल्या सरांची सही अजून व्हायचीच होती.

पूर्ण कवळी करून घ्यायची म्हणजे पाच-सहा फेऱ्या होतात. त्यातल्या बाकीच्या फेऱ्या विसरल्या तरी चालतील. ही एक मात्र मी विसरत नाही. ज्यांना पुढे हे करायचंय त्यांनी एवढी एक फेरी नीट वाचा, बाकीचं डॉक्टर सांगतातच.

मी बेळगावातल्या अनगोळचा. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत ३१ वर्षं पॅटर्न शॉपमध्ये काढली. लाकडाचा पॅटर्न करायचा, त्यावरून वाळूत साचा बसवायचा आणि मग लोखंडाचा रस ओतायचा, हे काम. रात्रपाळीला डोळे उघडे राहावेत म्हणून तंबाखूची सवय लागली. चुना मळून खालच्या ओठाच्या आत गोळी, ती सकाळपर्यंत. पुढे शुगरही निघाली. माझे दात किडून गेले नाहीत, हलून गेले. हिरड्या सुटत गेल्या आणि एकेक दात कुंपणाच्या खांबासारखा डुलायला लागला. शेवटी वरचे तीन आणि खालचे चार उरले होते, तेही काढले. शुगर ताब्यात आल्याशिवाय आणि तंबाखू सोडल्याशिवाय दात काढायला हात लावणार नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तंबाखूही सुटली. हिरड्या भरून यायला दोन महिने थांबलो. आंबील, मऊ भात आणि आमटीत बुडवलेली भाकरी, एवढ्यावर दिवस काढले.

कवळीसाठी एका डेंटल कॉलेजात गेलो. नाव लिहीत नाही. बाहेरच्या दवाखान्यापेक्षा तिथे खर्च बराच कमी येतो. शिकणारी मुलं काम करतात आणि सर तपासतात. बीपीएल कार्ड असेल तर पैसे भरायच्या आधी दंत भाग्य योजनेची चौकशी करा. कर्नाटक सरकारची ही योजना गरीब घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मोफत कवळी देण्यासाठी सुरू झाली. मला ती बाकावर शेजारी बसलेल्या बैलहोंगलच्या एका माणसाकडून कळली. माझ्याकडे बीपीएल कार्ड नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी उगीच खिशात हात घालू नये.

माझी केस बागलकोटकडच्या एका मुलीकडे आली. वय असेल बावीस-तेवीस. “अज्जारे, बायी तेगीरी,” म्हणायची, मी आ करायचो. तिचं कन्नड, माझं फौंड्रीतलं मोडकं कन्नड, दोघांचं हिंदी त्याहून मोडकं, पण कामात पोरगी नेटकी. पहिलं माप घेतलं, मग त्यावरून माझ्याच जबड्याच्या आकाराचा माप घ्यायचा ट्रे केला, तापवली की मऊ होणारी हिरवी कांडी दिव्यावर धरून त्या ट्रेच्या कडेला लावली आणि मला ओठ ओढायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली. त्यानंतर लवंगेच्या तेलाचा वास येणाऱ्या पेस्टचं दुसरं माप. मला हे सगळं घरचंच वाटत होतं. पॅटर्न, साचा, कडा, सगळं आमचंच, फक्त माल वेगळा. प्लास्टिक आटतं का म्हणून मी तिला विचारलं. आटतं म्हणाली. बिडाच्या कास्टिंगला आम्ही मीटरला १० मिलिमीटर श्रिंकेज धरतो हे मी सांगितलं, तेव्हा तिने हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं.

मग कवळीची उंची, म्हणजे दात मिटल्यावर दोन जबड्यांत किती अंतर राहतं ते. नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका, हनुवटीवर एक ठिपका. जबडा सैल सोडल्यावर दोन ठिपक्यांतलं अंतर मोजतात, दात मिटल्यावर पुन्हा मोजतात. दुसरं अंतर पहिल्यापेक्षा दोन ते चार मिलिमीटर कमी भरायला पाहिजे. म्हणजे नुसतं बसलेलं असताना वरच्या-खालच्या दातांत तेवढी फट राहते. ती फट नसेल तर माणूस दिवसभर दात आवळूनच बसल्यासारखा होतो. हे तिने मला नीट समजावलं होतं. मीही मान हलवली होती.

आणि मग तो मेणाचा दिवस आला.

या दिवशी प्लास्टिकचे दात गुलाबी मेणात बसवून तोंडात लावून बघतात. दात पुढे आलेत का, हसताना किती दिसतात, बोलताना आपटतात का, सगळं इथेच बघायचं. मेण आहे तोवर दात इकडचा तिकडे करता येतो. एकदा मेणाच्या जागी घातलेलं प्लास्टिक शिजलं की संपलं.

मी नऊ वाजता खुर्चीत बसलो. साडेनऊला तिचं सगळं बघून झालं. साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणा म्हणाली, ‘स’ नीट निघतो का ते बघायला. तिला इंग्रजीत पाहिजे होते. मी मराठीत सुरू केलं. साठ, एकसष्ट, बासष्ट. तिला आकडा कळत नव्हता, पण ‘स’ भरपूर येत होता, त्यामुळे तिचं काम भागलं. सदुसष्ट म्हणताना खटकन आवाज आला. सदुसष्ट म्हणजे माझं त्या वेळचं वय, म्हणून लक्षात राहिलं. तिने कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, सर बघतील.

सर सेमिनारमध्ये होते.

केस शीटवर प्रत्येक पायरीसमोर एक चौकोन असतो आणि त्यात सही पडल्याशिवाय पुढची पायरी नाही. पद्धत चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. आमच्याकडेही पॅटर्न तपासल्याशिवाय साच्याला जात नसे. पण तपासनीस जागेवर असायचा. इथे बाकावर आम्ही सातजण, प्रत्येकाच्या मांडीवर एक वाटी, वाटीत ज्याची त्याची बत्तिशी. एप्रिलचं ऊन. मेण मऊ पडू नये म्हणून पोरगी अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदलून जायची. शिपायाला विचारलं की “बर्तार्री, कूड्री.” येतात, बसा. अकराला बसा, बाराला बसा, एकाला बसा. जेवता येत नाही, कारण जेवायला दातच नाहीत, आणि डबा आणला नव्हता. चहा प्यायला खाली गेलो तर वर सर येऊन जातील ही भीती. बैलहोंगलवाला मात्र शांत. तो तिसऱ्यांदा आला होता. वाटीत बघून आपल्याच दातांना “एन्री?”, म्हणजे काय हो, असं म्हणाला आणि हसला.

दोन वाजून दहा मिनिटांनी सर आले. माझा नंबर पाचवा. वाकून बघितलं, गालाला हात लावला, हिंदीत विचारलं, उंच वाटतंय का? ओठ मिटायला त्रास होतोय का?

होत होता. खरं सांगायचं तर ओठ ओढल्यासारखे वाटत होते. पण पोरीने मघाशीच हळूच सांगितलं होतं की बदल करायचा झाला तर दात पुन्हा लावावे लागतील आणि तिच्या परीक्षा आल्यात, म्हणजे पुढची तारीख दोन आठवड्यांनी. आरशात बघितलं तर गाल भरलेले, दहा वर्षांनी तरुण. मी म्हणालो, “बरोबर हाय सर.”

सही झाली. तीन सेकंद लागले असतील.

कवळी आली ती दिसायला झकास. घरी पहिल्याच दिवशी बायको म्हणाली, “बोलताना टकटक वाजायलंय की ओ तुमचं.” मी म्हटलं, सवय होईल. संध्याकाळपर्यंत दोन्ही जबडे कानापाशी ठणकायचे. नवीन कवळी एखाद्या ठिकाणी लागते, ते वेगळं. तसं झालं तर डॉक्टर तिथलं घासून देतात. माझी सगळी हिरडीच सोलवटल्यासारखी झाली होती, इथून तिथपर्यंत. भाकरी तर सोडाच, कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मऊ मिठाई, खाताना दात आपटत होते. आता कुंद्याला काय चावायचं असतं?

आणि मग मी माझ्या वयाला आणि कामाला न शोभणारं काम केलं. घरात कानशी आहेत, पॉलिश पेपर आहे. खालची कवळी घेतली आणि जिथे लागतंय असं वाटलं तिथे आतून घासली. गुळगुळीत झाली अगदी, पॅटर्नसारखी. दुसऱ्या दिवशी ती तोंडात नाचायला लागली. कुणीही, कितीही मोठा कारागीर असला तरी, हे करू नये. मोडली तर फेविक्विकने चिकटवूही नये. दुखत असेल तर डॉक्टरांकडे जायच्या आधी काही तास कवळी घालूनच जा. लाल डाग दिसला तरच कुठे घासायचं ते त्यांना कळतं. लागते म्हणून चार दिवस काढून ठेवलीत की डाग जातो आणि ते नुसते अंदाजाने बघत बसतात.

परत गेलो. पोरगी काही बोलली नाही. सर बोलले. उंची चार-पाच मिलिमीटर जास्त राहिली आहे, एवढी घासून कमी होत नाही, दात पुन्हा लावून नवीन करावी लागेल. मी मान खाली घालून ऐकलं. ३१ वर्षं मी नव्या पोरांना हेच सांगत आलो, की पॅटर्न पाच मिलिमीटर चुकला असेल तर रस ओतून काही होत नाही, आधीच तोंड उघडा. स्वतःचं तोंड उघडं असताना मात्र मी गप्प बसलो, का तर दुपार झाली होती.

सरांच्या सेमिनारचा राग मला अजून आहे. सात माणसांना चार तास मेण घेऊन बसवणं बरोबर नाही, आणि अशा दिवशी खुर्च्या भरायच्या आधी सरांनी आपण किती वाजता येणार ते सांगावं. पण “बरोबर हाय” मी म्हणालो होतो. सगळं धरून सहा आठवडे गेले.

दुसऱ्या मेणाच्या दिवशी बायकोला घेऊन गेलो. घरचं माणूस न्याच. आपला चेहरा आपल्यापेक्षा तेच जास्त बघत आलेलं असतं. तिचा खर्चही नाही, जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये इथल्या बायकांना तिकीट शून्य आहे. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवावं लागतं. डबा नेला, साडेअकराला मऊ दहीभात खाल्ला. सर त्या दिवशी एकच्या आत आले, पण मी पाचपर्यंत बसायच्या तयारीनेच गेलो होतो. उंच वाटतंय का विचारल्यावर एकदा हो म्हणालो. उंची कमी करून पुन्हा लावल्यावर समोरचे दोन दात मोठे दिसतात असं बायको म्हणाली, तेही बदलून घेतले. मग सदुसष्ट म्हणून बघितलं, अडुसष्ट म्हणून बघितलं. काही वाजलं नाही.

आता बरं चाललंय. खालची अजून वरच्याइतकी घट्ट नाही, आणि ती कुणाचीच नसते. वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार मिळतो, खालच्या कवळीच्या मध्ये जीभ, सतत हलणारी. त्यात दात गेल्यावर खालचं हाड वरच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेगाने झिजतं, असं सरांनी सांगितलं. म्हणून वर्षातून एकदा दाखवायला जायचं, सैल झाली तर आतून नवा थर देतात. जाईन तेव्हा ते गाल आणि जिभेखालची जागाही तपासतात, आणि माझ्यासारख्या जुन्या तंबाखूवाल्याने ते चुकवू नये.

सुरुवातीला छोटे घास आणि दोन्ही बाजूंनी चावायचं. आपण सवयीने एकाच बाजूला चावतो आणि मग दुसरीकडून कवळी उचलते. पुढच्या दातांनी ऊस सोलायचं स्वप्न सोडून द्या. बोलायला अडखळत असाल तर पेपर मोठ्याने वाचा. मी आठवडाभर पहिलं पान वाचलं, घरच्यांनी सहन केलं.

रात्री कवळी काढायचीच, हिरडीला विश्रांती लागते. काढली की गार पाण्यात ठेवायची. कोरडी पडली तर आकार बिघडतो, आणि गरम पाण्यात टाकलीत तरी तेच. धुताना खाली बादलीत किंवा बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, म्हणजे हातातून सटकली तर फुटत नाही. ब्रश मऊ आणि साधा साबण. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत घाण बसते. सकाळी कवळी घालायच्या आधी ओल्या फडक्याने हिरड्या, टाळू आणि जीभ पुसायची. दात नाहीत म्हणजे तोंड साफ करायला नको असं मला वाटायचं. तसं नसतं.

पहिली कवळी टाकलेली नाही. ती माझ्या टूलबॉक्समध्ये आहे, कानशींच्या शेजारी. आमच्याकडे रिजेक्ट मालाला लाल रंग मारायचे, तसा तिच्या एका दाढेवर मारलाय.