वादळाने टिम डंकनला काही दिले नाही

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि त्याच्या वाऱ्याने दापोली तालुक्यातल्या आमच्या आंजर्ल्याच्या वाडीतील पोफळी दोन-तीन तासांत आडव्या केल्या. टाळेबंदीमुळे मी त्या वेळी माहेरीच अडकले होते. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, आणि दिवसभर पडलेली झाडे तोडून झाल्यावर संध्याकाळी ओटीवर कंदिलाच्या उजेडात बसण्यापलीकडे काही करण्यासारखे नव्हते. अशाच एका संध्याकाळी बारा वर्षांच्या भाच्याला मी टिम डंकनची गोष्ट सांगितली. पुण्यात कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळत असताना सकाळी लवकर उठून अमेरिकेतले सामने टीव्हीवर पाहण्याची मला सवय लागली होती, आणि त्या सगळ्या खेळाडूंत डंकन माझा सर्वांत आवडता. गोष्ट ऐकून भाच्याने विचारले, “मग मावशी, ते वादळ आलं नसतं तर तो बास्केटबॉल खेळलाच नसता?” त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही.

डंकनचा जन्म २५ एप्रिल १९७६ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन आयलंड्सपैकी सेंट क्रॉय बेटावर झाला. वडील गवंडी, आई सुईण. घरात नाद होता तो पोहण्याचा. त्याची बहीण ट्रिशिया १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये व्हर्जिन आयलंड्सकडून पोहली होती आणि ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तरबेज असलेल्या टिमचे लक्ष्य १९९२चे ऑलिंपिक होते. सप्टेंबर १९८९मध्ये ह्यूगो वादळ बेटावरून गेले. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. ऑलिंपिकच्या मापाचा बेटावरचा एकुलता एक तलाव त्या वादळात उद्ध्वस्त झाला. उरलेल्यांनी समुद्रात सराव सुरू केला, पण टिमला शार्कची भीती वाटत असे आणि त्याचे पोहणे मागे पडले. पुढच्या एप्रिलमध्ये, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याची आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्यानंतर तो स्पर्धेसाठी कधीच पोहला नाही.

इथून पुढे त्याचे बहुतेक चरित्रकार एक सोपे वाक्य लिहितात: ह्यूगोने जगाला एक जलतरणपटू कमी दिला आणि एक महान बास्केटबॉलपटू दिला. हे वाक्य मी स्वतःही अनेकदा बोलले आहे. निसर्गनंतर मात्र ते माझ्या तोंडून निघत नाही. आजोबांनी लावलेली पोफळ मुळासकट उपटलेली पाहिली, तिच्या आळ्यात साचलेले खारट पाणी पाहिले, की वादळ कोणाला काही देते या बोलण्यावरचा विश्वास उडतो. वादळ फक्त नेते. नंतर जे येते ते माणसे आणतात, आणि डंकनच्या बाबतीत ती माणसे कोण होती हे स्पष्ट सांगता येते.

पहिली त्याची थोरली बहीण शेरिल. तिने भेट म्हणून पाठवलेला बास्केटबॉलचा खांब ह्यूगोतही उभा राहिला. दुसरा शेरिलचा नवरा. तो कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला होता, आणि आई गेल्यानंतर गप्प झालेल्या आपल्या मेहुण्याला त्याने त्या खांबाखाली उभे केले. मुलगा फार उंच होणार नाही अशा समजुतीने त्याने त्याला चेंडू हाताळण्याचे, पास देण्याचे, म्हणजे ठेंगण्या खेळाडूंचे धडे दिले. मुलगा पुढे सहा फूट अकरा इंच झाला, पण हातातले ते कसब तसेच राहिले. नववीपर्यंत ज्याने हा खेळ गंभीरपणे खेळलाच नव्हता, तो सोळाव्या वर्षी बेटावर आलेल्या अलोन्झो मोर्निंगसारख्या व्यावसायिक खेळाडूसमोर टिकून खेळला. ही बातमी वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे प्रशिक्षक डेव्ह ओडम यांच्या कानावर गेली आणि ते स्वतः सेंट क्रॉयला येऊन त्याला भेटले.

तिसरी त्याची आई. पदवी पूर्ण करीन असे त्याने तिला वचन दिले होते. कॉलेजातल्या पहिल्या सामन्यात त्याला एकही गुण मिळाला नाही, पण दोन-तीन वर्षांत त्याचे नाव असे झाले की शिक्षण सोडून व्यावसायिक लीगमध्ये गेला असता तर पहिल्या काही खेळाडूंत त्याची निवड नक्की होती. त्याच्या बरोबरीची मुले तशी जात होती आणि समोर कोट्यवधी डॉलर दिसत होते. तो चारही वर्षे थांबला, मानसशास्त्राची पदवी घेतली, आणि मगच १९९७च्या निवडीत सॅन अँटोनिओ स्पर्स संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. मला त्याच्या पाचही विजेतेपदांपेक्षा ही चार वर्षे मोठी वाटतात. पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि तोपर्यंत नुसते शिंपत राहावे लागते, हे ज्याच्या घरात वाडी आहे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच्या खेळाला अनेक जण कंटाळवाणा म्हणत. प्रतिस्पर्धी संघातल्या शॅकिल ओनीलने त्याला ‘द बिग फंडामेंटल’ हे नाव दिले, ते त्याच्या पायाभूत कौशल्यांमुळे. त्याचा सर्वांत ओळखीचा फटका म्हणजे बोर्डावर आपटून बास्केटमध्ये जाणारा बँक शॉट. रिंगच्या डावीकडे साधारण पंचेचाळीस अंशांच्या कोनात उभे राहायचे, पाय एकदा पुढे टाकून समोरच्याला मागे रेटायचे, आणि चेंडू रिंगवर न मारता बोर्डावर रंगवलेल्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर अलगद टेकवायचा. बोर्डाला लागल्यावर चेंडूचा वेग मरतो आणि तो जाळीत निवांत पडतो. वादळानंतर पडलेल्या फणसाच्या फळ्या जोडून आम्ही अंगणात बोर्ड केला, लोहाराकडून रिंग करून आणली, जांभ्याचे चिरे रचून खांबाचा पाया भक्कम केला आणि भाच्याला मी हाच फटका आधी शिकवला. कोन चुकला की फळीचा आवाज कोरडा, खणखणीत येतो. बरोबर बसला की ‘ठप्’ असा दबका आवाज येतो आणि चेंडू पडण्याआधीच कळते. महिनाभरात तो डोळे मिटून आवाजावरून सांगू लागला.

व्यावसायिक कारकिर्दीचे आकडे कुठेही मिळतील, त्यामुळे मी ते थोडक्यात सांगते. एकोणीस हंगाम, सगळे एकाच संघाकडून. १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच विजेतेपदे. २६,४९६ गुण आणि १५,०९१ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू. २००३च्या अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यात त्याने २१ गुण, २० रिबाउंड, १० असिस्ट (सहकाऱ्याच्या गुणांसाठी दिलेले पास) आणि ८ ब्लॉक (समोरच्याचे अडवलेले फटके) केले. दोन ब्लॉक आणखी मिळाले असते तर चारही बाबींत दोन आकडी मजल गाठली असती, आणि अंतिम फेरीत ती कोणालाही जमलेली नाही. २०१२मध्ये संघाला इतर चांगले खेळाडू ठेवता यावेत अशा रीतीने त्याने आपले मानधन निम्म्याहून खाली आणले, हेही मी त्याच्या विक्रमांतच धरते.

पण मनात रुतून बसलेला क्षण हरण्याचा आहे. २०१३ साली अंतिम फेरीत (जो संघ आधी चार सामने जिंकेल तो विजेता) मायामी संघाविरुद्ध सहाव्या सामन्यात विजेतेपद हाताशी आले होते आणि ५.२ सेकंद उरले असताना रे ॲलनच्या तीन गुणांच्या फटक्याने ते निसटले. सातव्या सामन्यात शेवटचे मिनिट चालू असताना मायामी दोन गुणांनी पुढे होते. डंकनने रिंगच्या अगदी जवळून, आपल्यापेक्षा बुटक्या खेळाडूच्या डोक्यावरून, आयुष्यभर घोटलेला फटका मारला आणि तो चुकला. परत आलेला चेंडू त्याने हाताने लोटला, तोही गेला नाही. बचावासाठी मागे आल्यावर कधी चेहरा न बदलणाऱ्या त्या सदतीस वर्षांच्या माणसाने दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. मी त्या दिवशी बराच वेळ टीव्हीसमोरून उठले नाही. पुढच्या वर्षी तोच संघ, तेच प्रशिक्षक ग्रेग पोपोविच आणि समोर तेच मायामी, आणि स्पर्सने अंतिम फेरी ४-१ अशी जिंकली.

जुलै २०१६मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याने पत्रकार परिषद घेतली नाही. संघाने एक निवेदन काढले, एवढेच. मात्र सप्टेंबर २०१७मध्ये इर्मा वादळाने व्हर्जिन आयलंड्सची वाताहत केली तेव्हा बोलायला न आवडणाऱ्या या माणसाने उघड पत्र लिहून मदत मागितली, ह्यूगोच्या आठवणी सांगितल्या, स्वतःची मोठी रक्कम घातली आणि मदतीचे सामान घेऊन तो बेटावर गेला. आमच्याकडे निसर्गनंतर ताडपत्र्या आणि कौले घेऊन पहिला टेम्पो गावात शिरला तेव्हा लोक काहीही न बोलता रस्त्यावर येऊन उभे राहिले होते. त्यामुळे सेंट क्रॉयच्या लोकांनी ते सामान उतरवून घेताना काय अनुभवले असेल, याची मला थोडी कल्पना आहे.

भाचा आता उंचीने माझ्या वर गेला आहे. गेल्या गणपतीत आरती झाल्यावर अंगणात चेंडू मारता मारता त्याने तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला, वादळ आले नसते तर काय झाले असते म्हणून. मी त्याला म्हटले, वादळाचे मला सांगता येणार नाही, पण शेरिलने तो खांब पाठवला नसता तर तो खेळला नसता.