तुम्ही विचारलेत म्हणून: रोज वजन कशासाठी?

"बाळ हसते-खेळते होते, मग रोज ग्रॅमचा हिशेब कशाला ठेवत होता?" हा प्रश्न अजूनही येतो. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसते, तरी तो लागतो.

माझ्या मुलीच्या हृदयाचा खालचा एकच कप्पा काम करतो. पहिल्या शस्त्रक्रियेत फुप्फुसांकडे रक्त नेणारी बारीक नळी, म्हणजे शंट, बसवली; दुसरी शस्त्रक्रिया चार ते सहा महिन्यांची झाल्यावर होणार होती. असे हृदय बसल्या जागी शक्ती खर्च करते, म्हणून तिला दर किलोमागे दिवसाला १२० ते १५० कॅलरी हव्या होत्या. पण दूध ओढतानाच तिचे कपाळ घामाने भिजे आणि ती अर्ध्यावर झोपी जाई. वीस मिनिटे तोंडाने, उरलेले नाकातल्या नळीने, असा आमचा क्रम होता. रक्तातला ऑक्सिजन ७५ टक्क्यांच्या खाली किंवा ९०च्या वर गेला, वजन दिवसात ३० ग्रॅम घटले किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढले नाही, तर लगेच फोन करायचा, असे आम्हाला लिहून दिले होते.

एका सकाळी वजन ४० ग्रॅम कमी भरले. रात्री दोनदा पातळ शी झाली होती. ऑक्सिजन मात्र ८१, म्हणजे ठीक होता. काट्याची बॅटरी उतरली असेल, असे मी स्वतःला सांगितले. पुन्हा वजन केले, तेच आले. तिसऱ्या वेळी मी तिचा लंगोट काढलाच नाही, आणि आलेला बरा आकडा वहीत लिहिला. फोन केला तो दुपारी चारला. "वजन कधी केले?" असे परिचारिकेने विचारले, तेव्हा मी "आत्ताच" म्हणाले. मुलीच्या अंगातले पाणी कमी झाले होते. अशा वेळी रक्त दाट होऊन शंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे मला आधीच समजावलेले होते. सलाईन वेळेत लागले.

आकड्यांत अडकले तर आईपण हरवेल, असे तेव्हा मला वाटे. आज त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, मी भांडते, पण ती पूर्ण चुकीची होती असेही म्हणवत नाही: त्या महिन्यांतले मुलीचे हसणे मला आठवत नाही, वजने आठवतात. वहीतला तो खोटा आकडा मी अजून खोडलेला नाही.