उझबेकिस्तानात एवढं आहे तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "हल्ली जो तो उझबेकिस्तानला निघालाय, तिथे एवढं आहे तरी काय?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, कारण त्या देशाचा विषय निघाला की मी भरभरून बोलतो.

जे आहे ते शेकडो वर्षं तिथेच आहे. समरकंदच्या रेगिस्तान चौकातला उलुगबेगचा मदरसा १४२० चा, शेजारचे शेरदोर आणि तिल्लाकारी सतराव्या शतकातले. बदलले ते नियम. २०१६ पर्यंत, इस्लाम करीमोव यांच्या राजवटीत, परदेशी माणसाला जाणं जिकिरीचं होतं. प्रत्येक हॉटेलातून नोंदणीची चिठ्ठी घ्यायची आणि देश सोडेपर्यंत जपायची. डॉलरचा सरकारी भाव एक, बाजारातला जवळजवळ दुप्पट. शवकत मिर्झियोयेव यांच्या सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये हा दुहेरी भाव संपवला, तेव्हा एका डॉलरचे सुमारे ४,२०० सोम मिळायचे ते एकदम ८,१०० मिळू लागले. २०१८ मध्ये ई-व्हिसा आला. दिल्लीहून ताश्कंद विमानाने जेमतेम तीन तास. मग लोक जाणारच!

त्याच २०१८ मध्ये ताश्कंद मेट्रोत फोटो काढण्यावरची बंदीही उठली. तिथलं कोस्मोनावत्लार स्टेशन चुकवू नका. गडद निळ्या भिंतींवर अंतराळवीरांची गोल शिल्पचित्रं आहेत, गागारिन आहे, तेरेश्कोवा आहे आणि त्यांच्याच रांगेत पंधराव्या शतकातला उलुगबेगही आहे. तैमूरचा हा नातू राजा होता, पण त्याचा जीव रमला आकाशात.

समरकंदबाहेरच्या टेकडीवर त्याची वेधशाळा होती. १४४९ मध्ये मुलाच्याच हुकमावरून त्याची हत्या झाली, पुढे वेधशाळाही जमीनदोस्त झाली. १९०८ मध्ये व्यात्किन या पुरातत्त्वज्ञाला तिचा जमिनीखालचा भाग सापडला. आज आत डोकावलं की खडकात कोरलेला अरुंद चर दिसतो आणि त्यातून खोल उतरत जाणारी दगडी कमान. सुमारे ४० मीटर त्रिज्येच्या वेधयंत्राचा एवढाच तुकडा उरलाय. दुर्बिणीचा शोध लागायच्या कितीतरी आधी इथे हजाराहून अधिक ताऱ्यांची सूची तयार झाली. सवाई जयसिंगाने जंतरमंतर उभारताना याच परंपरेचा आधार घेतला होता. जयपूर पाहिलेल्या माणसाने त्या चरापाशी जरा जास्त वेळ थांबावं, एवढं मी आवर्जून सांगतो.

बुखारा मला समरकंदपेक्षा जवळचं वाटतं. ल्याबी-हौजच्या तळ्याकाठी जुन्या तुतीच्या झाडांखाली बसलं की पुढची ठिकाणं पाहायची घाई राहत नाही.

एका गोष्टीची मात्र मला खरंच काळजी वाटते. शहरिसाब्झ हे तैमूरच्या जन्मभूमीचं गाव. तिथे पर्यटकांसाठी ऐसपैस बाग आणि रस्ते करताना गावाच्या मधोमध असलेली जुनी वस्ती पाडली गेली. युनेस्कोने २०१६ मध्ये ते धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातलं. अक्सराय महालाच्या दरवाजाचे प्रचंड खांब अजून उभे आहेत, पण ज्या घरांमुळे ते गाव होतं ती घरं गेली. म्हणून मी लोकांना सांगतो, बुखाऱ्यात मोठ्या हॉटेलापेक्षा जुन्या हवेलीतल्या अतिथिगृहात उतरा. तुमच्या पैशांवर ती घरं टिकतील.

जायचं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, उन्हाळा भाजून काढतो. आणि अफ्रोसियोब या वेगवान गाडीचं तिकीट आधीच काढून ठेवा. ती ताश्कंदहून समरकंदला दोनेक तासांत पोचवते, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत ऐनवेळी जागा मिळत नाही.