आमची वाटचाल : टाकी उपसणे वेगळे, टाकी तपासणे वेगळे

‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही,’ असे अभिमानाने सांगणारा घरमालक आम्हाला महिन्यातून एकदा तरी भेटतो, आणि त्याचा हिरमोड करणे हा आता आमच्या धंद्याचाच भाग झाला आहे. नीट बांधलेली सेप्टिक टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत कायम भरलेलीच असते. घरातून जेवढे पाणी आत येते तेवढेच पुढे शोषखड्ड्यात जाते, तळाला गाळ बसतो, वर साय धरते आणि दोन-तीन वर्षांनी तो गाळ उपसावा लागतो. जी टाकी भरतच नाही, तिला बहुधा तळ नसतो. चार बाजूंनी चिरे रचायचे, खाली कोबा करायचा नाही, वर स्लॅब टाकायचा आणि ‘टाकी झाली’ म्हणायचे, ही कोकणातली जुनी रीत आहे, आणि जांभ्यातून पाणी कसे वाट काढते हे इथल्या माणसाला सांगायला नको. अशी टाकी वीस वर्षे भरत नाही, कारण वीस वर्षे ती विहिरीच्या दिशेने रिकामी होत असते.

हे उमगायला आम्हालाही तीन वर्षे लागली. 2009 साली चिपळुणात मी आणि माझा मित्र अशा दोघांनी मैला उपसण्याची गाडी उभी केली, तेव्हा तपासणी हा शब्द आमच्या तोंडी नव्हता. कर्ज माझ्या नावावर होते आणि हात त्याचे होते. त्याचे गॅरेज होते आणि व्हॅक्यूम पंपाच्या आवाजावरून त्याची पाती किती झिजली आहेत हे तो सांगत असे. जुन्या चेसिसवर 3000 लिटरची टाकी बसवून तीन इंची होज लावलेली ती गाडी रस्त्यावर आली, त्या आठवड्यात एका जवळच्या नातेवाइकाने लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचे पान सोडून पलीकडचे धरले. ते मी विसरलेलो नाही. पुढे त्याच्या घरची टाकी तीन वेळा आम्हीच उपसली आणि त्यांपैकी एका खेपेचे पैसे अजून यायचे आहेत. या धंद्यात नव्याने येणाऱ्या तरुणांनी आप्तांना उधारी देऊ नये. परके लोक पैसे बुडवतात तेव्हा निदान वसुलीला जाता येते.

2012 च्या पावसाळ्यात एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. न्हाणीघरात वास येतो, एवढीच त्यांची तक्रार होती. टाकी अठरा वर्षांत उपसावी लागली नव्हती. झाकण काढून, वारा लागू देऊन पाहिले तर पाण्याची पातळी बाहेरच्या पाइपपेक्षा दोन फूट खाली होती. घर उतारावर, आणि टाकीच्या खालच्या अंगाला विहीर. मित्राने टेप लावली, अंतर अकरा मीटर भरले. आय.एस. 2470 या भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून किमान 6 मीटर दूर असावा असे म्हटले आहे. इथे तर टाकीच शोषखड्डा झाली होती. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर नियमाने पडत होती, त्यामुळे बाई निर्धास्त होत्या. पाण्यात मैल्याचे जंतू असले की जिच्यात ते काळे पडते, ती पाणी तपासायची छोटी बाटली आणून आम्ही विहिरीचे पाणी तिच्यात भरून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाईसारखे काळे झाले होते. बाईंनी ती बाटली उजेडाकडे धरली आणि विचारले, ‘म्हणजे अहो, आम्ही अठरा वर्षे हे प्यायलो?’ मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी टाकी पूर्ण रिकामी करून तळाला काँक्रीट आणि आतून गिलावा करून घेतला, मध्ये भिंत घालून दोन कप्पे केले, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही तोंडांना टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचे पाइप बसवले आणि शोषखड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला नेला. काम संपल्यावर मी बिल पुढे केले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर केसपेपर देतो. तुम्ही टाकीचा का देत नाही?’ आमचा तपासणी फॉर्म तेथून सुरू झाला. छापखान्यात पाचशे प्रती काढल्या आणि गठ्ठा घरी आणल्यावर लक्षात आले की ‘शोषखड्डा’ या शब्दाच्या जागी ‘शोकखड्डा’ छापले आहे. पाचशे प्रती फेकून देण्याची ऐपत नव्हती आणि पुढे ती चूक दुरुस्त करण्याची इच्छाही राहिली नाही. ज्यांनी आपला शोषखड्डा उघडून पाहिला आहे, त्यांना तो शब्द चुकीचा वाटत नाही.

या फॉर्मवर आम्ही काय लिहितो, ते सांगतो, कारण ‘नुसते बघायचे पैसे कसले?’ हा प्रश्न आम्हाला अजूनही ऐकावा लागतो. आधी झाकण कोठे आहे ते शोधावे लागते. निम्म्या घरांत ते पोर्चच्या फरशीखाली गेलेले असते, म्हणून फरशी बसवण्यापूर्वी टेप लावून टाकीचा एक फोटो काढून ठेवावा, ही माझी न विचारता दिलेली सूचना समजावी. झाकण उघडल्यावर पहिली नोंद पातळीची. ती पाइपच्या खाली असेल तर टाकी गळते, वर असेल तर शोषखड्डा तुंबला आहे, आणि बरोबर असली तरी काम संपत नाही, कारण गाळ वरून दिसत नाही. त्यासाठी आमची काठी आहे. मित्राने आपल्या परड्यातला बांबू तासून ती केली, अर्ध्या अर्ध्या फुटावर खाचा पाडल्या, आणि खालच्या निम्म्या भागाला पांढरा पंचा घट्ट गुंडाळायचा असे ठरवले. काठी सावकाश तळापर्यंत न्यायची, थोडा वेळ थांबायचे आणि सरळ वर काढायची. जेथपर्यंत गाळ तेथपर्यंत पंचा काळाकुट्ट होतो आणि त्याच्या वर नुसता मळकट राहतो. गाळ आणि साय मिळून टाकीच्या खोलीचा तिसरा हिस्सा व्यापत असतील तर उपसा करायचा, नाहीतर घरमालकाला ‘अजून वर्षभर पैसे घालवू नका’ असे सांगून निघायचे. हे वाक्य उच्चारताना माझा मित्र दर वेळी माझ्याकडे रोखून पाहत असे. त्यानंतर दोन्ही टी, मधली भिंत, चेंबरचा उतार, वायू बाहेर सोडणाऱ्या वेंट पाइपचे तोंड आणि त्यावरची जाळी, शोषखड्ड्याची स्थिती, विहिरीचे आणि बोअरचे अंतर. घरातले सगळे नळ एकदम सोडून पाणी पुढे सरकते की माघारी फुगते तेही पाहतो. या सगळ्याला दीड तास लागतो.

आमच्याकडे माणूस टाकीत उतरत नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर नाक शाबूत असते. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की वास येणेच बंद होते आणि माणसाला वाटते की हवा स्वच्छ झाली. 2013 चा कायदा हाताने मैला साफ करून घेण्यास आणि संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवण्यास बंदी घालतो. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी 2014 साली दहा लाखांची आणि 2023 साली तीस लाखांची भरपाई ठरवली आहे. ‘एक मिनिट उतरा हो, नुसता बोळा अडकलाय,’ असे म्हणणाऱ्या घरमालकाला आम्ही गॅस मीटरचा आकडा दाखवतो. तरी तो ऐकत नसेल तर गाडी परत नेतो.

त्यानंतरची वर्षे बरी गेली आणि दुसरी गाडी आली, याहून त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. तो पूर कशामुळे आला यावर पुष्कळ बोलले गेले आहे आणि मी त्यात पडत नाही. आमच्या शेडच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती, आणि फॉर्मच्या फायली त्या खुणेच्या हातभर वर ठेवण्याइतके शहाणपण आम्ही दाखवले होते. पाणी त्या फळीच्याही वर गेले. दोन्ही गाड्यांच्या इंजिनांत चिखल गेला, पंपांची पाती धरून बसली, आणि जुन्या गाडीचा विमा मी हप्ता वाचवण्यासाठी केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता ठेवला होता, हे तेव्हा मित्राला सांगावे लागले. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. मात्र खरे नुकसान गाड्यांचे नव्हते. आठ-नऊ वर्षांत भरलेले नऊशेच्या आसपास फॉर्म, म्हणजे कोणाची टाकी कोठे, झाकण तुळशीपासून किती पावलांवर, मधली भिंत आहे की नाही, याचा सगळा हिशेब लगदा होऊन फळीला चिकटला होता. त्या कागदांशिवाय आम्ही म्हणजे दोन बंद पडलेले पंप होतो.

शहरातल्या टाक्या त्या वेळी गाळाने भरल्या होत्या आणि संडास उलटे वाहत होते. आठवड्याभरात बाहेरून एका व्यावसायिकाच्या चार गाड्या आल्या. त्या आल्या याबद्दल माझी तक्रार नाही, लोकांना तेव्हा गरज होती. तक्रार आहे ती पुढच्या कामाबद्दल. पुरानंतर जमिनीत पाणी तुडुंब असताना टाकी तळापर्यंत रिकामी करायची नसते, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब भिंतींवर येतो आणि आतून त्याला तोलणारे काहीच उरत नाही. त्यांनी सरसकट रिकाम्या केल्या. एका घरी चिऱ्याची भिंत आत आली, तर दुसऱ्या घरी प्लास्टिकची टाकी होडीसारखी वर येऊन अंगणातली फरशी घेऊन उठली. जमिनीतले पाणी ओसरल्यावर त्यांनी पद्धत उलटी केली : वरचे पाणी ओढायचे, कारण ते झटकन येते, आणि तळाचा घट्ट गाळ तसाच ठेवून वीस मिनिटांत पूर्ण उपशाचे पैसे घ्यायचे. एका ठिकाणी त्यांचा कामगार आत उतरला आणि बेशुद्ध पडला; शेजाऱ्यांनी दोराने वर काढला म्हणून वाचला. मी बोलायला गेलो, तेव्हा ‘तुमचा धंदा बुडाला म्हणून तुम्हाला कायदा आठवतो’ असे उत्तर मिळाले. माझा धंदा बुडाला होता हे खरेच होते, त्यामुळे त्या उत्तरावर मला काही सुचले नाही, आणि ते सुचले नाही याची रुखरुख आजही आहे.

पुढे त्यांनी गाडीवर फलक लावला : ‘टाकी तपासणी मोफत’. मोबाइलचा उजेड झाकणातून आत पाडायचा आणि ‘भरली आहे, उपसावी लागेल’ असे सांगायचे, ही ती तपासणी. प्रत्येक चांगली टाकी भरलेलीच दिसते, हे मी आरंभी सांगितले आहेच. उपशाचे पैसे घेणाऱ्यानेच फुकट तपासायचे म्हटल्यावर तपासणीचा निकाल आधीच ठरलेला असतो, एवढे साधे गणित लोकांना का दिसत नाही, हे मला कळत नाही. आमच्या दीड तासाच्या कामाला त्या वर्षी तीन गिऱ्हाइके मिळाली.

ऑगस्टमध्ये बाई शेडवर आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट टाचलेल्या आपल्या सगळ्या फॉर्मच्या प्रती होत्या, पहिल्या वर्षापासूनच्या. प्रत्येक घरमालकाला कार्बन कॉपी द्यायची, ही सूचनाही त्यांचीच होती, आणि आता त्याच प्रतींवरून आमची दप्तरे पुन्हा लिहिता येतील हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी ओळखीच्या लोकांना फोन केले, आम्ही घरोघर फिरलो, आणि दिवाळीपर्यंत दोनशेहून थोड्या जास्त प्रती जमल्या. बाकीच्या ज्यांच्या घरी होत्या त्यांच्याही घरांत पाणी गेले होते. पुढच्या तीन तपासण्यांचे पैसे बाई आगाऊ देऊन गेल्या. मित्राने सहा आठवडे एकच पंप उघडून-जोडून चालू केला. छपराच्या वाशांना बांधलेली बांबूची काठी जशीच्या तशी होती. अॅल्युमिनियमची एक काठी मागाहून घेतली. ती हलकी आहे, पण तळ लागल्याचे हाताला बांबूइतके कळत नाही.

सह्याद्रीपलीकडे वाईत आणि तिकडे सिन्नरमध्ये 2018 च्या सुमारास टाक्या ठरलेल्या फेऱ्याने उपसल्या जाऊ लागल्या, घरमालकाने फोन करण्याची वाट न पाहता. मी कुंभार्ली घाटाने जाऊन वाईचे काम पाहून आलो आणि परतताना गाडीत बराच वेळ गप्प होतो. आमच्याकडे अजून टाकी उलटल्यावरच फोन येतो. त्यातही गणपतीत. अकरा महिने बंद असलेल्या घरात मुंबई-पुण्याची पंचवीस माणसे पाच दिवस उतरतात, पाच माणसांसाठी बांधलेल्या टाकीत सगळ्यांच्या आंघोळीचेही पाणी सोडतात, पावसाने जमीन आधीच भिजलेली असते, आणि गौरी जेवणाच्या दिवशी संडास भरून येतो. अशा चाकरमान्यांना माझे सांगणे आहे की मे महिन्यात गावी येता तेव्हाच तपासणी करून घ्यावी. तेव्हा पाणी खाली गेलेले असते, तडा दिसतो आणि दुरुस्तीचे सिमेंट वाळते. जुने घर विकत घेणाऱ्यांनी सातबाराइतक्याच आस्थेने टाकीचे झाकण उघडून पाहावे. आणि टाकीत अॅसिड किंवा फिनेल ओतू नये; आतला मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात आणि गाळ लवकर साचतो.

मित्र आता गुडघ्यांमुळे कामावर येत नाही, पण पंप दुरुस्तीला निघाला की त्याला ऐकवायला फोन कानाऐवजी पंपाजवळ धरावा लागतो. बाईंच्या आगाऊ तपासण्या केव्हाच संपल्या. त्यांची चौदावी प्रत यंदा भरली आणि गाळ चौथ्या खाचेपर्यंतही नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाने त्या चार गाड्यांच्या मालकाचा नवा कागद आणून दाखवला. ‘सविस्तर टाकी तपासणी’ असे वर ठळक छापलेले होते, आता ती मोफतही राहिलेली नव्हती, आणि खाली आमच्या फॉर्मचेच रकाने त्याच क्रमाने उतरवले होते. नववा रकाना होता : शोकखड्ड्याची स्थिती.